पंचायतीच्या संगणकावरचा ब्राउझर कोणाच्या हुकमाने चालतो?

विचुंब्याच्या येत्या ग्रामसभेत पाणी, गटारं, कचरा आणि रस्त्यावरचे दिवे हे विषय येतीलच. त्या यादीत आणखी एक विषय घ्यावा, अशी माझी मागणी आहे. ग्रामपंचायत कार्यालय, आपले सरकार सेवा केंद्र आणि शाळांच्या संगणक खोल्या इथल्या संगणकांवरचा ब्राउझर कोणत्या नियमांनी चालावा, ते नियम कोणी लावावेत आणि गावाला ते कुठे वाचायला मिळावेत, यावर ग्रामसभेने ठराव करावा. विषय तांत्रिक आहे म्हणून तो ऑपरेटरवर सोडून द्यावा, हे मला पटत नाही. का, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. नवीन पनवेलला खेटून असलेलं विचुंबे १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा तिच्या हद्दीत गेलं नाही. बांधकामाचं नियोजन ‘नैना’च्या (नवी मुंबई विमानतळ प्रभावित अधिसूचित क्षेत्राच्या) नावाने २०१३पासून सिडकोकडे आहे, घरपट्टी, नोंदी आणि दाखले ग्रामपंचायतीकडे. एका बाजूला आगरी कुटुंबांचं जुनं गावठाण, दुसऱ्या बाजूला परवडणारं घर शोधत मुंबई-ठाण्याकडून आलेल्या फ्लॅटवाल्यांच्या आणि भाडेकरूंच्या इमारती. अर्ज शहराएवढे आणि कार्यालय गावाएवढं, अशी ही स्थिती आहे. बाळाची जन्मनोंद, विवाह नोंदणी, नमुना ८चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला हे सगळं मोजक्या संगणकांवरून होतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ने या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क केला. सेवा घेताना दिलेली माहिती माणूस निघून गेल्यावर त्या संगणकात पडून राहू नये, हेही त्याच हक्काला जोडून मागायला हवं.

२. ब्राउझरमध्ये नियमांचे दोन थर असतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. वरचा थर सेटिंग्जचा. खुर्चीवर बसणारा कोणीही तो बदलू शकतो. त्याच्या खाली पॉलिसीचा थर असतो, आणि त्याला हात लावायला संगणकाचा अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो. विंडोजवर क्रोम आणि एजच्या पॉलिसी रजिस्ट्रीत किंवा ग्रुप पॉलिसीतून लावतात. लिनक्सवर त्या ठरलेल्या फोल्डरमधल्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात. फायरफॉक्सला २०१८मध्ये आलेल्या ६०व्या आवृत्तीपासून ‘पॉलिसीज’ नावाची एकच फाइल पुरते. एखादी गोष्ट सक्तीची केली की सेटिंग्जमधलं तिचं बटण करडं होतं आणि दाबून हलत नाही. काही पॉलिसी फक्त शिफारशीच्या ठेवता येतात, म्हणजे सुरुवातीला लागू, पण वापरणाऱ्याला बदलण्याची मुभा. बँका आणि मोठ्या कंपन्या ही सोय वर्षानुवर्षं वापरत आल्या आहेत. तिच्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

३. पॉलिसीची ही सोय वापरली नाही की काय होतं, ते पनवेल परिसरातल्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या एका दुकानात मी पाहिलं. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची प्रक्रिया २०२५मध्ये राज्यभर लागू झाली, त्या गर्दीतला तो दिवस. ऑपरेटरने ईमेलच्या रकान्यात एक अक्षर टाइप केलं आणि खाली यादी उलगडली : आधी येऊन गेलेल्यांचे ईमेल, एकाखाली एक. मोबाइल नंबरच्या रकान्यात तेच, पत्त्याच्या रकान्यात बिल्डिंग, विंग, फ्लॅट नंबर. रांगेतल्या एका मुलीने आपला नवा पासवर्ड घातला, ब्राउझरने तो साठवू का म्हणून विचारलं, आणि ऑपरेटरने ‘सेव्ह’ दाबलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. चौकट समोरून घालवायची आणि पुढचा फॉर्म घ्यायचा, एवढीच त्याला घाई होती. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये ई-आधारच्या फाइली ओळीने पडलेल्या. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. त्याच फोल्डरात त्याच मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला असेल, तर कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगल्यासारखं झालं. खासगी दुकानावर ग्रामसभेचा हुकूम चालत नाही. पंचायतीच्या खर्चाने किंवा पंचायतीच्या छताखाली चालणाऱ्या संगणकावर मात्र चालतो.

४. तेव्हा किमान काय लावावं? सगळ्या संगणकांना एकच यादी लावू नये, ही माझी पहिली सूचना. कर्मचाऱ्याचा संगणक वेगळा आणि नागरिक स्वतः बसतात किंवा ज्यांचे अर्ज रांगेने भरले जातात तो वेगळा.

दोन्हींवर पासवर्ड साठवणं बंद असावं. पत्ते आणि कार्डांचे नंबर आपोआप भरणं बंद असावं. ब्राउझरमध्ये वैयक्तिक खात्याने साइन-इन करणं आणि सिंक हेही बंद असावं. या तिघांत सिंककडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि तेच सर्वांत घातक आहे. ऑपरेटर आपल्या खासगी जीमेलने ब्राउझरमध्ये शिरतो, बुकमार्क हाताशी हवेत म्हणून. मग ऑफिसात साठलेले पासवर्ड आणि पाहिलेल्या पानांची यादी त्याच्या घरच्या फोनवरही उतरते. उद्या त्याने नोकरी सोडली तरी त्याच्या खात्यात ते सगळं राहतं, आणि पंचायतीकडे ते परत मागण्याचा मार्ग उरत नाही. सिंक बंद करणारी पॉलिसी एका ओळीची आहे.

नागरिकांच्या संगणकावर याहून कडक नियम हवा : ब्राउझर बंद होताच प्रोफाइल पुसलं जावं. क्रोम आणि एज दोन्हींमध्ये त्यासाठी ‘फोर्स एफेमरल प्रोफाइल्स’ ही पॉलिसी आहे. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरमध्ये माग न ठेवणारी खिडकी, हिच्याबद्दलचा लोकांचा गैरसमजही दूर व्हायला हवा. ती लपवाछपवीचं साधन आहे अशी समजूत असल्यामुळे कार्यालयं ती सरसकट बंद करतात. क्रोममध्ये इन्कॉग्निटोच्या पॉलिसीला तीन पर्याय आहेत : शून्य म्हणजे ऐच्छिक, एक म्हणजे बंद, दोन म्हणजे सक्तीचं. कर्मचाऱ्याच्या संगणकावर ‘एक’ ठेवा, कारण शासकीय कामाचा माग राहिला पाहिजे. नागरिकांच्या संगणकावर ‘दोन’ ठेवायला काहीच हरकत नाही. तिथे माग न राहणं हेच हिताचं.

५. एक मर्यादा आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर ठराव झाल्यावर सगळे निर्धास्त होतील. प्रोफाइल पुसलं तरी उतरवून घेतलेल्या फाइली पुसल्या जात नाहीत. हिस्टरी गेली, कुकी गेली, आधार मात्र डाउनलोड्समध्ये तसंच. सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नका आणि उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असं आधार प्राधिकरणानेही सांगितलेलं आहे. पण ज्याच्या घरी संगणक नाही आणि फोनवर जमत नाही, त्याने दुसरीकडे कुठे जायचं? म्हणून जबाबदारी केंद्रावर हवी. डाउनलोड कुठे जावं हे पॉलिसीने ठरवता येतं. ते एकाच ठरावीक फोल्डरमध्ये वळवावं आणि तो फोल्डर रोज संध्याकाळी विंडोजच्या टास्क शेड्युलरने रिकामा करावा. व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून त्यावर कागद मागवायची पद्धत सगळीकडे आहे. त्या फाइलीही याच फोल्डरात येतात, त्यांचाही बंदोबस्त यातच होईल.

६. एक्स्टेन्शन. मराठी टायपिंगचं, पीडीएफ जोडण्याचं, स्क्रीनशॉटचं, अशी छोटी-छोटी साधनं ऑपरेटर ब्राउझरमध्ये बसवत जातो. त्यांतली बरीचशी ‘सर्व वेबसाइटवरची सर्व माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मागतात. ती दिली की जन्मनोंदीच्या पानावर टाइप होणारं प्रत्येक अक्षर त्या साधनाला दिसतं. साधन आज चांगलं आहे म्हणजे उद्याही राहील असं नाही. डिसेंबर २०२४मध्ये सायबरहेवन या खुद्द माहितीच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीचं क्रोम एक्स्टेन्शन चोरांनी हाती घेतलं. कंपनीतल्या एकाला फसव्या ईमेलने गंडवलं, दूषित आवृत्ती चढवली, आणि ज्यांनी ते आधी विश्वासाने बसवलं होतं त्यांच्याकडे ती अपडेट म्हणून आपोआप पोहोचली. वापरणाऱ्यांनी काहीही दाबलं नव्हतं. यावर उपाय एकच : सगळी एक्स्टेन्शन बंद, आणि कामाला लागणारी दोन-तीन नावं घेऊन मोकळी. पॉलिसीत बंदीच्या यादीत एक तारांकन टाकलं की सगळ्यांवर बंदी येते; परवानगीची यादी वेगळी लिहायची.

७. ऑपरेटरची बाजू ऐकल्याशिवाय यातलं काहीही करू नये. मानधनावर राबणारा हा माणूस दिवसभर सर्व्हर डाउन, ओटीपी येत नाही आणि रांगेतल्यांची बोलणी यांत सापडलेला असतो. नियम लावल्यावर काम अडलं, तर पहिल्याच आठवड्यात तो शेजारच्या लॅपटॉपवर काम सुरू करील आणि सगळा खटाटोप वाया जाईल. सरकारी संकेतस्थळांच्या खोडी त्यालाच माहीत असतात. पावती किंवा दाखला वेगळ्या पॉपअप खिडकीत उघडतो, ब्राउझर ती अडवतो, आणि पैसे कापले गेले पण पावती निघाली नाही अशी तक्रार येते. त्यावर तो सगळ्याच संकेतस्थळांना पॉपअप उघडू देतो. पॉलिसीत हे नेमकं करता येतं : या चार पत्त्यांना मुभा, बाकीच्यांना नाही. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, तरी त्याच्यासाठी बांधलेली काही जुनी पानं अजून चालू आहेत. एजमध्ये त्यांच्यापुरता ‘आयई मोड’ यादीने लावता येतो. जुना असुरक्षित ब्राउझर सांभाळत बसावं लागत नाही. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेल्या सरकारी पानावर ब्राउझर धोक्याची सूचना देतो, आणि ऑपरेटर रोज ‘तरीही पुढे जा’ दाबतो. त्याला दोष देण्याआधी ते पान चालवणाऱ्या खात्याला पंचायतीने पत्र पाठवावं. नियमांचा मसुदा ऑपरेटरला शेजारी बसवूनच करावा.

८. आता अ‍ॅडमिन पासवर्ड. रोजचं काम अ‍ॅडमिन खात्यातून होत असेल, तर वरचं सगळं कागदावरच राहील. ज्याला नियम काढता येतात त्याला नियम बांधत नाहीत. दोन खाती करा. कामाचं साधं, आणि अ‍ॅडमिनचं ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या ताब्यात, पासवर्ड सीलबंद पाकिटात. डिजिटल सहीच्या टोकनचंही तेच. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवरून पैसे द्यायचे तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. एकाने मांडावं, दुसऱ्याने तपासावं, हा त्यामागचा विचार. दोन्ही टोकनं एकाच संगणकाला लावलेली आणि दोन्ही पिन एकालाच ठाऊक असतील, तर तपासणारा कोणी उरत नाही.

पंचायतीचं लॉगिन किती जोखमीचं असतं, हे २०२५च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्याने पाहिलं. आर्णी तालुक्यातल्या शेंदूरसनी या छोट्या गावाच्या नावावर तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून जास्त जन्मनोंदी चढल्याचं उघड झालं, गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट. गुन्हा दाखल झाला, तपास राज्यभर गाजला. त्या प्रकरणाचं खापर मी ब्राउझरवर फोडत नाही. पण एका लहान ग्रामपंचायतीच्या नावाने केवढं काही करता येतं, हे त्यातून दिसलं. विचुंब्यासारख्या रोज नवी माणसं राहायला येणाऱ्या गावात जन्माच्या नोंदी अचानक वाढल्या तर कोणाच्या लवकर लक्षातही येणार नाही.

९. इथपर्यंत मी नियम लावा म्हणतोय. आता ते लावणाऱ्याच्या हाती काय जातं, तेही बघा. पॉलिसीतल्या ज्या बंदीयादीने सट्ट्याची संकेतस्थळं बंद होतात, तिच्यातच आणखी एक ओळ घातली की एखादं वृत्तपत्र, एखाद्या पक्षाचं पान किंवा माहिती अधिकाराचा ऑनलाइन अर्जही बंद होतो, आणि समोर बसलेल्याला फक्त ‘हे पृष्ठ अवरोधित आहे’ एवढंच दिसतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली एखादं संकेतस्थळ देशभर बंद करायचं तर केंद्र सरकारलाही कारणं लेखी नोंदवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात ते कलम टिकवलं, ते या बंधनांकडे बोट दाखवूनच. तालुक्याच्या गावचा कोणी कंत्राटदार शाळेच्या पंचवीस संगणकांवर तेच करतो, तेव्हा त्याला कोणीही कारण विचारत नाही.

याहून गंभीर गोष्ट मूळ प्रमाणपत्राची, म्हणजे ब्राउझरने कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवणाऱ्या रूट सर्टिफिकेटची. अ‍ॅडमिनने संगणकात आपलं मूळ प्रमाणपत्र बसवलं आणि सगळी ये-जा आपल्या यंत्रातून वळवली, तर कुलपाची खूण असलेली पानंही त्याला उघडी दिसतात. २०१९मध्ये कझाकस्तानच्या सरकारने असं प्रमाणपत्र नागरिकांना बसवायला लावलं, आणि गूगल, मोझिला, अ‍ॅपल या तिघांनी आपापल्या ब्राउझरमध्ये ते नाकारलं. विचुंब्यात असं काही घडेल असं मी म्हणत नाही. तसं घडणार नाही हे ठरावात लिहून घ्यावं, असं म्हणतो : पंचायतीच्या कोणत्याही संगणकावर नागरिकांची माहिती उघडून वाचणारं प्रमाणपत्र किंवा स्क्रीनवर पाळत ठेवणारं एक्स्टेन्शन सक्तीने बसवलं जाणार नाही.

१०. म्हणून नियमांची यादी उघडी हवी. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ कार्यालयांना कामाचे नियम आपणहून जाहीर करायला सांगतं. ब्राउझरची पॉलिसी हा कामाचाच नियम आहे. मराठीत लिहिलेलं एक पान सूचना फलकावर लावावं : काय बंद आहे, काय सुरू आहे, कोणी लावलं, कोणत्या तारखेला. पासवर्ड किंवा अंतर्गत पत्ते अर्थात त्यात नकोत.

ते पान खरं आहे का, हे कोणीही तपासू शकतं. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत ‘क्रोम’, मग दोन ठिपके, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असं टाइप केलं की त्या संगणकावर लागू असलेल्या सगळ्या पॉलिसी दिसतात. एजमध्ये ‘क्रोम’ऐवजी ‘एज’ लिहायचं. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट’, दोन ठिपके, ‘पॉलिसीज’. हाच प्रयोग घरच्या संगणकावरही जरूर करा. तुमच्या खासगी लॅपटॉपच्या क्रोमच्या मेनूत तळाशी ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशा अर्थाची ओळ दिसली आणि तुमची संस्था वगैरे काही नसेल, तर सावध व्हा. काही अँटिव्हायरसही पॉलिसी लावतात, पण शोधाचं पान पळवणारी हानिकारक सॉफ्टवेअरंही नेमकी हीच वाट वापरतात, म्हणजे वापरणाऱ्याला ती काढता येऊ नयेत. कॉलेजात जाणारी गावातली मुलं हे पाच मिनिटांत तपासू शकतात. पंचायतीच्या संगणकांची अशी तपासणी वर्षातून दोनदा त्यांच्यादेखत व्हावी.

११. खर्च जवळजवळ नाहीच. वेळ लागतो आणि जाणता माणूस लागतो. रायगड जिल्ह्यातल्या आठशेच्या घरातल्या ग्रामपंचायतींनी हे एकेकट्याने करावं, असं नाही. जिल्हा परिषदेने अलिबागला एक मसुदा आणि एक फाइल तयार करावी, पंचायत समितीने ती लावून द्यावी, आणि गावाने आपल्या गरजेची भर घालावी. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने जून २०२३मध्ये सरकारी कार्यालयांसाठी माहिती-सुरक्षेच्या सूचना काढल्या आहेत, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदाही २०२३चाच आहे. त्यामुळे कायदेशीर आधार शोधत बसायची गरज नाही. खर्च पडलाच तर तो जुन्या यंत्रांचा. विंडोज १०ला कंपनीकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या संगणकाला सुरक्षेची दुरुस्तीच मिळत नाही, त्यावर कितीही काटेकोर पॉलिसी लावली तरी ती पुरी पडत नाही. असे संगणक मोजून, बदलण्याचा खर्च पुढच्या अंदाजपत्रकात धरावा. बदलणं शक्य नसेल तिथे लिनक्स टाकावं. सहीच्या टोकनचं काम त्यावर चालतं का, ते आधी तपासून.

१२. शेवटचा मुद्दा शाळांच्या आणि नागरिकांच्या संगणकांवरच्या बंदीयादीचा, आणि यावर ग्रामसभेत मतभेद होतील हे मला दिसतंय. मुलांच्या संगणकावर गाळणी हवी, हे पालकांचं म्हणणं योग्य आहे. पण गाळणी चुकते. तारुण्यातल्या आरोग्याचं पान ती अश्लील समजते, तर एखादं सट्ट्याचं पान सोडून देते. अमेरिकेत २०००च्या एका कायद्याने केंद्राचं अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांना गाळणी सक्तीची केली. २००३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवताना मोठं वजन दिलं ते एका सोयीला : प्रौढ वाचकाने सांगितलं, तर ग्रंथपाल ते पान उघडून देऊ शकतो. आपल्या ठरावातही तशी सोय हवी. बंद पान उघडून मागण्यासाठी केंद्रात एक वही ठेवावी. पान कोणतं आणि तारीख काय एवढंच तिच्यात लिहावं, मागणाऱ्याचं नाव किंवा कारण विचारू नये. तीन कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हावा. नकार दिला तर नकार देणाऱ्याने कारण लिहून खाली सही करावी, आणि ती वही दर ग्रामसभेत, म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला, टेबलावर उघडी ठेवावी.